पब्लिक पॉलिसी शिकून युनिव्हर्सिटीचं प्रेसिडेंटपद: बजेट ऑफिसातून दिसणारा रस्ता

आधीच सांगते, मी कुठल्या युनिव्हर्सिटीची प्रेसिडेंट वगैरे नाहीये आणि होणारही नाही. पुण्यात इकॉनॉमिक्स केलं, मग अमेरिकेत एमपीए म्हणजे सार्वजनिक प्रशासनातली मास्टर्स, मग इथल्याच एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या इन्स्टिट्यूशनल रिसर्च म्हणजे आकडेवारीच्या ऑफिसात लागले आणि आता तिथल्याच बजेट ऑफिसात आहे. प्रेसिडेंटच्या टेबलावर जे कागद जातात त्यातले बरेचसे आमच्याकडून जातात, त्यामुळे ही माणसं काय विचारतात, कशावर अडतात, कशाला घाबरतात हे जवळून बघायला मिळतं. पॉलिसी म्हणजे सार्वजनिक धोरण शिकायला येणाऱ्या नव्या पोरापोरींपैकी कोणी ना कोणी हमखास विचारतंच की पॉलिसीवाली माणसं युनिव्हर्सिटीच्या टॉपला जातात का, आणि जात असतील तर कशी. जातात. रस्ते दोन आहेत, त्यातला एक आपल्यासारख्यांना जवळपास बंद आहे आणि दुसरा उघडा आहे पण भयंकर लांबचा आणि बऱ्यापैकी कंटाळवाणा आहे.

पदाबद्दल थोडं. आपल्याकडे कुलगुरू जे करतात ते काम इथे साधारणपणे प्रेसिडेंटचं. काही राज्यांत कॅम्पसच्या प्रमुखाला चान्सलर म्हणतात आणि सगळ्या कॅम्पसच्या वर बसतो तो प्रेसिडेंट, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात असं आहे, न्यूयॉर्कच्या स्टेट युनिव्हर्सिटीत बरोबर उलटं, त्यामुळे पाटीवर जाऊ नका, माणूस कोणाला रिपोर्ट करतो ते बघा. प्राध्यापक, अभ्यासक्रम, डीन हा सगळा आतला संसार प्रोव्होस्ट सांभाळतो. प्रेसिडेंटचा वेळ जास्त करून बाहेर जातो, म्हणजे बोर्ड (युनिव्हर्सिटीचं नियामक मंडळ), विधिमंडळ, देणगीदार, पत्रकार, माजी विद्यार्थी आणि फुटबॉल. हो, फुटबॉल. हसू नका, मीही आधी हसले होते, पण कोचच्या कॉन्ट्रॅक्टवरून माणसाची झोप उडालेली पाहिली आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा मोठा साहेब, हुकूम सोडत असेल. कसला हुकूम! टेन्युअर म्हणजे कायमची नोकरी मिळालेल्या प्राध्यापकाला तो काय शिकव आणि कसं शिकव हे सांगू शकत नाही, फी ठरवते बोर्ड, अनुदान ठरवतं राज्य, रिसर्चचा पैसा येतो वॉशिंग्टनहून, आणि फॅकल्टी सिनेटचं म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी सभेचं डोकं फिरलं की ते अविश्वासाचा ठराव मांडायला मोकळे. ज्यांच्यावर आपला अधिकार चालत नाही अशा माणसांकडून काम काढून घ्यायचं, त्यांच्या गळी एखादी गोष्ट उतरवायची, हीच मुळात नोकरी आहे. पब्लिक पॉलिसीत दोन वर्षं आपण हेच तर शिकतो, की चांगली योजना कागदावर असून भागत नाही, ती कोणाच्या खिशातून जाणार, कोण पाचर मारणार, कोणाला श्रेय द्यावं लागणार. म्हणून हे बॅकग्राउंड उपयोगी पडतं.

आता उदाहरण. सगळ्यात अभ्यास करण्यासारखं मला वाटतं ते मायकेल क्रो यांचं, अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट. ही युनिव्हर्सिटी आपल्याला नवीन नाही, पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी पोरं टेंपीला एमएस करायला जातात, प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी असतोच. क्रो १ जुलै २००२ ला तिथे आले आणि दोन दशकं उलटून गेली तरी तिथेच आहेत. हे किती दुर्मीळ आहे ते कळायला एक आकडा पुरे, अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या पाहणीनुसार पदावर असलेल्या प्रेसिडेंट लोकांना त्या खुर्चीत सरासरी ५.९ वर्षं झालेली होती, ही २०२२ ची गोष्ट, २००६ मध्ये तोच आकडा ८.५ होता. म्हणजे माणसं खुर्ची गरम व्हायच्या आत उठतायत.

क्रो यांनी शिकताना काय केलं ते बघा. आयोवा स्टेटमधून १९७७ मध्ये पॉलिटिकल सायन्स आणि पर्यावरण अभ्यास यात बीए, मग सिरॅक्यूजच्या मॅक्सवेल स्कूलमधून १९८५ मध्ये पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये पीएचडी, त्यात विषय विज्ञान-तंत्रज्ञान धोरणाचा. स्वतः शास्त्रज्ञ नाहीत, पण शास्त्रज्ञांच्या संस्था कशा चालतात, पैसा कुठून येतो, प्रयोगशाळा कशा बांधलेल्या असतात, काही लॅबमधून भरपूर निघतं आणि काहींतून काहीच का निघत नाही, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मग आयोवा स्टेटमध्ये प्राध्यापकी आणि एका रिसर्च इन्स्टिट्यूटचा कारभार, १९९१ मध्ये कोलंबिया, तिथे पॉलिसीचे प्राध्यापक आणि त्याबरोबर प्रशासनात वर चढत चढत एक्झिक्युटिव्ह व्हाइस प्रोव्होस्ट. ह्या पदाचं नाव कोणाच्या कानावर नसतं, पण रिसर्चचा पैसा, पेटंटं, नवीन केंद्रं काढणं, असली कामं तिथून होतात. नव्या लोकांनी प्रेसिडेंटपेक्षा ह्या मधल्या पदांची यादी नीट बघावी असं माझं स्पष्ट मत आहे, करिअर तिथे घडतं.

आणि सगळं यशच होतं असंही नाही. कोलंबियाने २००० च्या सुमाराला फॅदम नावाची ऑनलाइन शिक्षणाची कंपनी काढली, त्या डिजिटल उद्योगांच्या मागे क्रो होते, आणि २००३ मध्ये ती बंद पडली, तोपर्यंत ते अ‍ॅरिझोनात पोचलेही होते. दुसरा कोणी असता तर ऑनलाइनचं नाव घेतलं नसतं. ह्यांनी अ‍ॅरिझोनात ऑनलाइन इतकं वाढवलं की २००२ मध्ये पंचावन्न हजारांच्या आसपास असलेले विद्यार्थी आता ऑनलाइन धरून दीड लाखाच्या पुढे गेलेत. २०१४ मध्ये स्टारबक्सबरोबर करार झाला, कॉफी बनवणाऱ्या पोरापोरींनी नोकरी करता करता ऑनलाइन डिग्री घ्यायची आणि फीचा भार कंपनीने आणि युनिव्हर्सिटीने मिळून उचलायचा. त्यावर भरपूर टीका झाली, हे शिक्षण आहे की मार्केटिंग वगैरे, आणि टीकेत थोडंफार तथ्य आहेच. पण युनिव्हर्सिटीच्या चार्टरमध्ये त्यांनी जे लिहून ठेवलंय, की आपण किती जणांना बाहेर ठेवलं यावरून आमचं मोजमाप करू नका, किती जणांना आत घेतलं आणि ते पुढे कसे गेले यावरून करा, त्याच्याशी हे सुसंगत आहे हे मान्य करावं लागतं. इथल्या नामवंत युनिव्हर्सिट्या उलट, किती जणांना नकार दिला त्याचा टक्का छातीवर मिरवतात.

आतमध्ये काय केलं ते पॉलिसीवाल्याला जास्त इंटरेस्टिंग. मानववंशशास्त्राचा विभागच ठेवला नाही, २००५ मध्ये त्याचं मानवी उत्क्रांती आणि सामाजिक बदल अशा नावाचं स्कूल केलं, पुढच्या वर्षी भूगर्भवाले आणि खगोलवाले एकत्र करून पृथ्वी आणि अवकाश संशोधनाचं स्कूल. विभाग बंद करणं म्हणजे काय हे ज्यांनी युनिव्हर्सिटीत काम केलंय त्यांनाच कळेल, एक केबिन हलवायची म्हटलं तरी इथे कमिटी बसते. प्राध्यापक चिडले, काही सोडून गेले. तरी झालं, कारण पैसा कुठे जाणार हे विभागाच्या हातात राहिलं नव्हतं. रिसर्चचा वार्षिक खर्च २००२ मध्ये साधारण १२ कोटी डॉलर होता तो आता ९० कोटींच्या वर आहे, आणि तेही इतकी वर्षं स्वतःचं मेडिकल कॉलेज नसताना. अमेरिकेत रिसर्चच्या पैशाचा मोठा वाटा मेडिकलमुळे येतो, त्यामुळे हा मुद्दा लक्षात ठेवा.

बोर्डाचं आणि शहराचं राजकारण हा तिसरा भाग. अ‍ॅरिझोनात तीन सरकारी युनिव्हर्सिट्या, तिघींवर मिळून एकच बोर्ड ऑफ रीजंट्स, बारा जणांचं, त्यातले बरेचसे गव्हर्नरने नेमलेले, दोन विद्यार्थी, गव्हर्नर स्वतः पदसिद्ध. क्रो यांनी फिनिक्स शहराला पटवलं की डाउनटाउनमध्ये कॅम्पस आला तर तुमचं ओस पडलेलं डाउनटाउन जागं होईल. २००६ मध्ये शहरातल्या मतदारांनी बॉण्ड म्हणजे शहराचे कर्जरोखे मंजूर केले त्यात २२.३ कोटी डॉलर ह्या कॅम्पससाठी होते. राज्याने हात आखडता घेतला तर शहराच्या मतदाराकडे जायचं, हे पब्लिक फायनान्सच्या पुस्तकात असतं, पण प्रत्यक्षात करून दाखवणारे मोजके. पुढे मंदी आली, राज्याने युनिव्हर्सिट्यांचा पैसा सपाटून कापला, २००९ च्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांना बिनपगारी सुट्ट्या घ्यायला लावल्या, प्रवेश लवकर बंद करायची भाषा झाली. तिथल्या राज्यघटनेत लिहिलंय की शिक्षण शक्य तितकं फुकट असावं, आणि त्याच काळात फी वाढत गेली. ह्या विरोधाभासावर अख्खा सेमिनार होऊ शकतो.

त्याच वर्षी मे महिन्यात आणखी एक प्रकरण झालं. ओबामा नुकतेच राष्ट्राध्यक्ष झालेले, ते टेंपीला पदवीदान समारंभाला येणार होते आणि युनिव्हर्सिटीने त्यांना मानद पदवी द्यायची नाही असं ठरवलं, कारण दिलं की आयुष्यभराच्या कार्याला आम्ही पदवी देतो आणि यांचं कार्य अजून व्हायचंय. देशभर टिंगल झाली. घाईघाईने एका स्कॉलरशिपला त्यांचं नाव दिलं, आणि ओबामांनी भाषणात तोच धागा पकडून आपलं काम अजून पूर्ण झालेलं नाही हे कबूल आहे म्हणत सगळ्यांना हसवून वेळ मारून नेली. नियम बरोबर होता, वेळ चुकली. ह्या खुर्चीत असं होतं, कुठल्या तरी कमिटीतला दोन ओळींचा खुलासा दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय बातमी होते.

मॅक्सवेल स्कूलचं नाव आलंच आहे तर डॉना शलेला यांचंही सांगते, त्याही तिथल्याच पीएचडी, १९७० च्या. हे स्कूल १९२४ पासून आहे, पब्लिक अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शिकवणाऱ्या इथल्या सगळ्यात जुन्या स्कूलांपैकी. शलेला आधी पीस कोअर या अमेरिकन सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून इराणच्या खेड्यात जाऊन आल्या, मग पीएचडी, प्राध्यापकी, १९७५ मध्ये न्यूयॉर्क शहराचं दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा शहराला कर्ज उभं करून देणाऱ्या मंडळाच्या खजिनदार, मग वॉशिंग्टनला गृहनिर्माण खात्यात, १९८० मध्ये हंटर कॉलेजच्या प्रेसिडेंट, १९८८ ला विस्कॉन्सिन-मॅडिसनच्या चान्सलर. नंतर क्लिंटन सरकारात आठ वर्षं आरोग्य खातं आणि तिथून २००१ मध्ये मायामी युनिव्हर्सिटी. एकदा कॅम्पस, एकदा सरकार, असं आयुष्यभर येणं-जाणं. पण हेही बघा की पहिल्या मोठ्या सरकारी पदाच्या आधी त्या वर्गात शिकवत होत्या. आणि गरिबांच्या आरोग्याचं खातं सांभाळलेल्या बाईंना मायामीत २००६ मध्ये सफाई कामगारांच्या संपावरून टीका झेलावी लागली, पगार आणि आरोग्यविमा हेच त्यातले मुद्दे. खुर्ची बदलली की बाजूही बदलते.

आता तो बंद म्हटलेला रस्ता, म्हणजे थेट राजकारणातून. मिच डॅनियल्स, प्रिन्स्टनच्या पब्लिक अफेअर्स स्कूलचे १९७१ चे पदवीधर, बुश सरकारचे बजेट डायरेक्टर, मग इंडियानाचे गव्हर्नर. गव्हर्नर असताना २००९ च्या शेवटी त्यांनी राज्यातल्या कॉलेज-युनिव्हर्सिट्यांचे १५ कोटी डॉलर कापले आणि २०१३ मध्ये इंडियानातल्याच पर्ड्यू या सरकारी युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट होऊन त्याच कापलेल्या बजेटवर येऊन बसले. ज्या ट्रस्टींनी म्हणजे बोर्डाच्या सदस्यांनी निवडलं ते बहुतेक ह्यांनीच नेमलेले, तेव्हा बोंबाबोंब झाली ती उगाच नाही. पण माणसाने काम करून दाखवलं हे मी मान्य करते. राज्यातल्या विद्यार्थ्यांची फी ९,९९२ डॉलरवर गोठवली आणि जाईपर्यंत म्हणजे २०२२ अखेरपर्यंत वाढू दिली नाही, दहा हजारांच्या आतला आकडा मुद्दाम ठेवला असावा, बजेटवाल्याला आकड्याचं राजकारण कळतं. कॅपलान नावाची खासगी ऑनलाइन युनिव्हर्सिटी कागदोपत्री एका डॉलरला घेतली आणि पर्ड्यू ग्लोबल केली, फॅकल्टीला आधी विचारलंच नाही म्हणून सिनेटने निषेध केला. कॅलिफोर्नियात जॅनेट नेपोलिटानो अशाच, आधी अ‍ॅरिझोनाच्या गव्हर्नर, मग होमलँड सिक्युरिटी म्हणजे देशांतर्गत सुरक्षेचं खातं, मग २०१३ ते २०२० सगळ्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्रेसिडेंट.

हा रस्ता आपल्यासाठी बंद का तर तुम्ही इथले नागरिक नाही, निवडणूक लढवणार नाही, पक्षाच्या पाठबळाने येणाऱ्या ओळखी तुमच्याकडे असणार नाहीत. सोडून द्या. पुढच्या पिढीची पोरं बघतील.

आणि बाहेरच्या मोठ्या पदांचा अनुभव आत कामाला येईलच असं नाही, त्याचं सगळ्यात ताजं उदाहरण मिनूश शफीक. वर्ल्ड बँक, ब्रिटनचं आंतरराष्ट्रीय विकास खातं, आयएमएफ, बँक ऑफ इंग्लंडच्या डेप्युटी गव्हर्नर, पॉलिसीच्या जगात यापेक्षा वजनदार बायोडेटा शोधून सापडणार नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स सहा वर्षं सांभाळून जुलै २०२३ मध्ये कोलंबियाला आल्या. १७ एप्रिल २०२४ ला काँग्रेसच्या म्हणजे अमेरिकन संसदेच्या कमिटीसमोर साक्ष, दुसऱ्या दिवशी गाझा युद्धावरून आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना हटवायला कॅम्पसवर पोलीस, आणि ऑगस्टमध्ये राजीनामा. वर्षभराच्या आसपास. कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचं नाही, त्यावर घरात भांडणं झालीत. पण त्या कॅम्पसवर दहा-वीस वर्षं घालवलेली, सिनेटमधल्या चार खडूस प्राध्यापकांना नावाने ओळखणारी, वाईट दिवशी ज्यांना फोन करता येईल अशी माणसं गोळा केलेली व्यक्ती असती तर तिला थोडा जास्त वेळ मिळाला असता असं मला वाटतं. क्रो यांची मधल्या पदांवरची वर्षं याच कामाला आली असणार.

आता मी काय बघते ते. जानेवारीत आमच्या राज्याचं अधिवेशन सुरू झालं की अनुदानाच्या सुनावण्या लागतात आणि प्रेसिडेंटला कमिटीतल्या प्रत्येक आमदारासाठी एक पान लागतं. एकच पान, पाठपोट. त्यात वर त्या मतदारसंघातली किती मुलं आमच्याकडे शिकतात, त्यातल्या किती जणांना पेल ग्रँट म्हणजे गरीब घरातल्या मुलांसाठीची केंद्राची मदत मिळते, किती माजी विद्यार्थी तिथे नर्स, मास्तर, इंजिनिअर म्हणून काम करतात, तिथल्या व्यापाऱ्यांकडून युनिव्हर्सिटीने किती रुपयांचा (डॉलरचा, सवय जात नाही) माल घेतला. ऐकायला सोपं. पण मुलांनी पत्ता म्हणून होस्टेलचा पत्ता टाकलेला असतो, म्हणजे सगळी मुलं एकाच आमदाराची होतात, मग हायस्कूल कुठलं ते बघायचं, पिनकोड दोन मतदारसंघांत फाटलेला असतो तर नकाशा उघडायचा, आणि मतदारसंघांच्या सीमा बदलल्या की सगळं नव्याने. हे पान करताना मी राज्य शिकले, कुठल्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि तिथून मुलं यायची कशी कमी झाली, हे मला कुठल्याही वर्गात कळलं नसतं.

एका सुनावणीत मागच्या रांगेत बसले होते. एका आमदाराने सुरुवातच अशी केली की तुमच्याकडे काय ते लिबरल लोक भरलेत, आमच्या पैशाने कशाला पोसायचे. आमच्या तेव्हाच्या प्रेसिडेंट बाईंनी वाद घातलाच नाही, त्या पानावरून त्याच्या जिल्ह्यातल्या हॉस्पिटलात आमच्या नर्सिंगच्या किती मुली आहेत तो आकडा वाचला आणि विचारलं की तिथे अजून किती जागा रिकाम्या आहेत. त्याला आकडा तोंडपाठ होता. पुढची दहा मिनिटं दोघं फक्त नर्सेसवर बोलत होते, आणि जाताना त्याने ते पान घडी करून खिशात घातलं. अनुदान वाढलं का? थोडं. पण कापलं गेलं नाही, आणि बजेटवाल्यांच्या भाषेत त्याला यश म्हणतात.

निवड कशी होते तेही माहिती असू द्या. बोर्ड सर्च फर्म नेमतं, ती माणसं हेरत फिरते, मग ट्रस्टी, प्राध्यापक, एखादा विद्यार्थी अशी सर्च कमिटी, आणि पहिली फेरी बऱ्याचदा एअरपोर्टजवळच्या हॉटेलात गुपचूप, कारण उमेदवार आत्ता दुसरीकडे प्रोव्होस्ट असतो, बातमी फुटली तर तिथलं वजन गेलं. मग कॅम्पस भेट, खुली सभा, कोणीही उठून काहीही विचारणार. हल्ली काही राज्यांत शेवटपर्यंत नावंच बाहेर काढत नाहीत आणि एकच फायनलिस्ट जाहीर करतात, फॅकल्टीचा त्यावर राग आहे आणि माझाही आहे.

मग नव्याने येणाऱ्याने काय करायचं. एमपीपी (पब्लिक पॉलिसीतली मास्टर्स) किंवा एमपीए घेताना शाळेच्या रँकिंगपेक्षा तिथे पब्लिक बजेटिंग कोण शिकवतं, राज्य सरकारात काम केलेलं कोणी शिकवतं का, ते बघा. स्टॅटिस्टिक्स घाबरत घाबरत का होईना पण पूर्ण करा. शिकत असतानाच युनिव्हर्सिटीच्या एखाद्या ऑफिसात असिस्टंटशिप मिळते का बघा, लायब्ररीत पुस्तकं लावण्यापेक्षा इन्स्टिट्यूशनल रिसर्चमध्ये आयपेड्सचे तक्ते भरणं शंभर पटींनी बरं. आयपेड्स म्हणजे केंद्र सरकारला दरवर्षी द्यायची माहिती, प्रवेश किती, पास किती, पगार किती, सगळं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एकदा ते हाताखालून गेलं की कुठल्याही युनिव्हर्सिटीची नाडी हातात येते.

व्हिसाचं गणित आधीच मांडा. पॉलिसीची साधी डिग्री बऱ्याच ठिकाणी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येत नाही, मग ओपीटी म्हणजे शिकून झाल्यावर काम करायची परवानगी बारा महिन्यांचीच, काही प्रोग्रॅम मात्र डेटा किंवा अ‍ॅनालिटिक्सच्या कोडखाली स्टेम असतात आणि तिथे आणखी चोवीस महिने मिळतात, अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी तो कोड विचारा, नंतर विचारून उपयोग नाही. युनिव्हर्सिटीत नोकरीचा मोठा फायदा म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीतून युनिव्हर्सिट्या सुटलेल्या आहेत, वर्षात कधीही अर्ज करता येतो. पण सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर फीचा आदेश निघाला, तो कोणाला लागू आणि कोणाला नाही यात खाचाखोचा आहेत, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना न विचारता कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसलाच विचारा.

पीएचडी करायची का? माझं उत्तर असं की नुसतं प्रशासनात चांगलं करिअर हवं असेल तर नको, बजेट, गव्हर्नमेंट रिलेशन्स, प्रोव्होस्टचं ऑफिस, यात एमपीएवर बरंच वर जाता येतं. पण प्रेसिडेंटच्या खुर्चीकडे डोळा असेल तर पीएचडी, प्राध्यापकी, टेन्युअर, मग विभागप्रमुख, डीन, प्रोव्होस्ट, असंच जावं लागतं, कारण पीएचडी नसलेल्या माणसाला फॅकल्टी मनातून कधीच आपला मानत नाही, तोंडावर गोड बोलतील एवढंच. मधल्या टप्प्यावर एसीई म्हणजे वर आलेल्या अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची फेलोशिप नावाचा प्रकार आहे, १९६५ पासून चालू, त्यात तुम्ही दुसऱ्या युनिव्हर्सिटीत जाऊन तिथल्या प्रेसिडेंटच्या मागे सावलीसारखं फिरता. तिथपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागतात, तरी नाव ऐकून ठेवा.

परत जायचा विचार असणाऱ्यांसाठी. आपल्याकडे धोरण आणि कुलगुरूपद ह्यांचं नातं जुनं आहे. धनंजयराव गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि तिथून १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, राज्यांना केंद्राची मदत वाटायचं गाडगीळ सूत्र त्यांचंच. भालचंद्र मुणगेकर मुंबई विद्यापीठातून नियोजन मंडळावर गेले. नरेंद्र जाधव रिझर्व्ह बँकेतली मोठी कारकीर्द करून २००६ मध्ये पुण्याचे कुलगुरू झाले, आणि मग तेही नियोजन मंडळावर. म्हणजे आपल्याकडची वाट जास्त करून विद्यापीठातून दिल्लीला जाणारी, जाधवांसारखा बाहेरून आत आलेला माणूस विरळा. कारण नियमातच दहा वर्षं प्रोफेसर असण्याची किंवा नावाजलेल्या संशोधन वा शैक्षणिक प्रशासनाच्या संस्थेत तेवढा अनुभव असण्याची अट आहे. यूजीसीने जानेवारी २०२५ च्या मसुद्यात उद्योग, सार्वजनिक प्रशासन आणि सार्वजनिक धोरण यात वरच्या पदावर दहा वर्षं काढलेल्यांनाही कुलगुरूपद खुलं करायचं सुचवलं, आणि लगेच गदारोळ झाला, राज्यांचा अधिकार जातो म्हणून, आणि निवृत्त बाबूंची सोय होणार म्हणून. दोन्ही भीती मला खऱ्या वाटतात. तरी बाहेरच्याला अजिबात येऊ न देणं हेही पटत नाही. आत यायचं असेल तर आधी चार-पाच वर्षं विद्यापीठात फायनान्स ऑफिसर किंवा रजिस्ट्रार म्हणून खस्ता खाल्लेल्या असाव्यात, अशी अट घातली तर मी त्या मसुद्याला हात वर करेन.

एक काम आजच करता येईल. इथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांच्या बोर्डाच्या बैठका सार्वजनिक असतात, अजेंड्याचं बाड वेबसाइटवर टाकतात, बऱ्याच ठिकाणी मीटिंग लाइव्ह दिसते. अ‍ॅरिझोनाच्या रीजंट्सचं बघा किंवा तुम्ही जिथे अर्ज करताय तिथलं, आणि पहिली दोन भाषणं सोडून थेट फायनान्स कमिटीवर जा. होस्टेलच्या भाड्याचा ठराव शोधा. त्यात भाडं का वाढलं याची जी कारणं दिलेली असतात ती वाचा, आणि मग कर्जाच्या हप्त्यांचं परिशिष्ट उघडून खरं कारण सापडतं का बघा.